माठात माठ: लाइट नसली तरी भाजी टवटवीत ठेवणारा मातीचा फ्रिज घरी कसा करायचा

एप्रिल-मे मध्ये अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर, जळगाव, परभणी या सगळ्या पट्ट्यात एकच रड असते, सकाळी बाजारातनं आणलेली मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते, कोथिंबीर तर दुपारीच गेलेली असते, टोमॅटो दोन दिवसात मऊ पडतात. फ्रिज असला तरी लोडशेडिंग असतं, किंवा फ्रिज लहान असतो आणि त्यात पाण्याच्या बाटल्या आणि दूध यातच जागा संपते, आणि शेतावरच्या घरात, भाड्याच्या रूमवर, वीटभट्टीवर किंवा साइटवर राहणाऱ्या कितीतरी लोकांकडे फ्रिजच नसतो. या सगळ्यांसाठी एक उपाय आहे ज्याला वीज लागत नाही, मेकॅनिक लागत नाही आणि सामान सगळं कुंभाराकडे आणि बांधकामाच्या दुकानात मिळतं. मोठ्या कुंडीत छोटा माठ ठेवायचा, मधल्या फटीत वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, आतल्या माठात भाजी ठेवायची आणि वरनं ओलं फडकं. एवढंच. पण हे "एवढंच" नीट केलं नाही तर काही उपयोग होत नाही आणि मग लोक म्हणतात हे असलं काही चालत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ही कल्पना कुठनं आली ते सांगतो कारण त्यात कामाची माहिती आहे. माठातलं पाणी गार होतं हे आपल्याकडे कुणाला शिकवायची गरज नाही. पण त्याच तत्त्वावर भाजी टिकवायचं भांडं लोकांच्या घरोघरी पोचवण्याचं मोठं काम केलं उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने, कुंभारांच्याच घराण्यातला माणूस, १९९५ च्या सुमारास त्याने आपल्या भागातल्या कुंभारांकडनं अशी भांडी करून घेऊन गावोगाव वाटायला सुरुवात केली आणि या कामासाठी त्याला २००० चा रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्याच्या अनुभवात तीन दिवसात खराब होणारी वांगी या भांड्यात २७ दिवस टिकली, टोमॅटो आणि मिरच्या तीन आठवडे, आणि एका दिवसात जाणारी तिथली पालेभाजी १२ दिवस. आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की भाजी रोज विकून टाकायची घाई संपली त्यामुळे रोज बाजारात पाठवल्या जाणाऱ्या पोरींना शाळेत जायला वेळ मिळायला लागला. आपल्या शेजारी गुजरातमध्ये वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी २००१ च्या भूकंपानंतर पेपरात फुटलेल्या माठाचा फोटो पाहिला, खाली लिहिलं होतं की गरिबाचा फ्रिज फुटला, आणि त्यावरनं त्यांनी मातीचा खराखुरा कप्पे असलेला फ्रिज बनवला, मिट्टीकूल नावाने तो विकला जातो. पण आपण इथे करतोय ते अब्बाचं सोपं मॉडेल, जे कुणालाही एका दुपारी जमतं.

आता हे चालतं कसं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी आजूबाजूच्या वस्तूतनं ओढून घेतं. ही उष्णता किती असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक लिटर पाणी साध्या हवेत उडून जाताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. तेच एक लिटर पाणी गॅसवर ३० डिग्रीवरनं १०० ला न्यायला साधारण २९० किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसतं उडून जाताना पाणी उकळी आणायला लागते त्याच्या आठपट उष्णता नेतं! वाळू हे पाणी धरून ठेवते, बाहेरच्या कुंडीच्या बारीक छिद्रांतनं ते हळूहळू बाहेर येतं, वाऱ्याने उडतं आणि आतला माठ गार होतो. शिवाय आतली हवा दमट राहते, आणि भाजीसाठी हे गारव्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि ते उडून गेलं की ती सुकते. म्हणून तर फ्रिजमध्ये उघडी ठेवलेली कोथिंबीर गार असूनही वाळते.

पण यात एक मोठा पण आहे आणि तो समजून न घेता लोक खर्च करून बसतात. हे सगळं हवेच्या कोरडेपणावर आहे. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कुठे? ४० डिग्री तापमान आणि २० टक्के आर्द्रता अशी विदर्भातली मे महिन्यातली दुपार धरली तर ओली वस्तू थेट २३ डिग्रीच्या जवळपास उतरू शकते. आणि मुंबईत ३३ डिग्री, ७० टक्के आर्द्रता धरली तर २८ च्या खाली ती जाणारच नाही, काहीही करा. प्रत्यक्षात भांडं आपल्या हवेच्या या खालच्या मर्यादेच्या दोन-चार डिग्री वरच थांबतं. म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे राहणाऱ्यांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिकडे भाजी कागदात गुंडाळून हवेशीर टोपलीत ठेवणं आणि थोडी थोडी आणणं हेच बरं. पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर इथे मार्च ते मे मस्त चालतं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर ऊन जितकं कोरडं तितकं जास्त चालतं, ज्या हवेला आपण शिव्या घालतो तीच इथे कामाला येते.

आपल्या घरी चालेल की नाही हे पैसे खर्च करायच्या आधी तपासता येतं. साधा भिंतीवरचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला काचेचा थर्मामीटर घ्या (ताप बघायचा नको, तो वर चढलेला आकडा धरून ठेवतो). आधी जिथे भांडं ठेवणार त्या सावलीच्या जागी तापमान बघा. मग थर्मामीटरच्या फुग्याला सुती कापडाची चिंधी गुंडाळा, साध्या पाण्याने भिजवा आणि पाच-सात मिनिटं पंख्यासमोर धरा, आकडा उतरत उतरत एका जागी थांबेल. दोन्हीत १० डिग्री किंवा जास्त फरक आला तर डोळे झाकून करा. सहा-सात आला तरी पालेभाजीसाठी फायद्याचं आहे. तीन-चारच आला तर नका करू. ही तपासणी दुपारी दोन-तीनच्या सुमारास करा कारण खरी गरज तेव्हाच असते.

सामान. बाहेरची एक मोठी मातीची कुंडी किंवा रुंद तोंडाचा डेरा, तोंड साधारण १८ इंच. आत बसणारा माठ किंवा कुंडी, तोंड १२-१३ इंच, म्हणजे चारही बाजूंनी दोन इंचांच्या वर फट राहते. फट एक इंचापेक्षा कमी असली तर वाळू लगेच वाळते, आणि फार मोठी असली तर नुसतं वजन वाढतं. या मापात तीन-चार किलो भाजी आरामात बसते. मग वाळू दोन-तीन घमेली, गोणपाट किंवा जाड सुती फडकं, एम-सील, आणि खाली ठेवायला लोखंडी तिवई किंवा घडवंची.

कुंडी निवडणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. बाहेरचं भांडं झिरपणारं पाहिजे. कुंभार मातीत राख, भुसा किंवा लीद मिसळतात, भट्टीत ते जळून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, त्याच छिद्रांवर आपलं सगळं काम चालणार आहे. आजकाल नर्सरीत ज्या चकचकीत लाल कुंड्या मिळतात त्यांना ऑइलपेंट किंवा वॉर्निश मारलेलं असतं, त्या दिसायला छान पण इथे बिनकामाच्या, कारण छिद्रं बुजलेली असतात. चिनी मातीच्या, सिमेंटच्या, प्लास्टिकच्या तर विषयच नाही. सरळ कुंभारवाड्यात जा आणि बिनरंगाची, बिनपॉलिशची कुंडी मागा. बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत वाजली तर चांगली, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवा (बुडाला भोक असेल तर आधी ते बुजवायचं), सकाळी बाहेरनं ओलसर, गडद दिसली पाहिजे. कोरडी ठणठणीत राहिली तर परत करून या. आतल्या माठाचं एवढं नाही, तो कमी झिरपणारा असला तरी चालतो, उलट थोडा पक्का भाजलेला बरा, भाजीत पाणी येत नाही.

वाळू नदीची, मध्यम जाडीची. चाळून खडे काढा आणि बादलीत घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. न धुतलेल्या वाळूतली माती कुंडीच्या छिद्रांत जाऊन बसते आणि महिनाभरात गारवा कमी होतो. आता बऱ्याच ठिकाणी नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँड मिळते, ती पण चालते पण तिच्यात पावडर फार असते म्हणून जास्त वेळा धुवावी लागते. समुद्राची वाळू अजिबात नको, मिठाने छिद्रं बंद होतात.

जोडणी करताना पहिली गोष्ट म्हणजे जागा आधी ठरवा आणि तिथेच भरा, कारण भरल्यावर हे प्रकरण दोघांनी उचलायचं म्हटलं तरी कठीण होतं आणि ओढाताणीत कुंडी फुटते. जागा सावलीची आणि वाऱ्याची पाहिजे, दोन्ही. पडवी, मागचं दार, खिडकीचा झोत येतो ती भिंत. बंद स्वयंपाकघरात गॅसशेजारी ठेवलं तर काही होणार नाही. अजून एक, ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत ठेवू नका. लोकांना वाटतं कूलरची हवा गार म्हणजे भांडं अजून गार होईल, पण कूलरची हवा दमट असते आणि आपल्याला कोरडी हवी. कूलरच्या खोलीच्या बाहेर, वाऱ्यात ठेवा. तिवईवर ठेवायचं कारण पण हेच, खालनं सुद्धा वारा लागला पाहिजे.

दोन्ही कुंड्यांच्या बुडाचं भोक एम-सीलने बुजवा आणि एक दिवस पक्कं वाळू द्या. मग दोन्ही भांडी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी माती सुरुवातीला खूप पाणी पिते. बाहेरच्या कुंडीत तळाला वाळूचा थर द्या, इतका की आतला माठ त्यावर ठेवल्यावर त्याचं तोंड बाहेरच्या तोंडापेक्षा एक बोट वर राहील, म्हणजे पाणी घालताना आत सांडत नाही. माठ मधोमध ठेवा, चारही बाजूंनी वाळू घालत जा आणि लाकडी पट्टीने हलकेच दाबत जा. वरनं इंचभर जागा सोडा, ती पाणी घालायची चारी. आता पाणी घाला पण हळूहळू, आणि त्याआधी रिकाम्या माठात एखादा वजनदार दगड किंवा पाण्याची भरलेली बाटली ठेवा, नाहीतर वाळू एकदम भिजली की रिकामा माठ वर उचलला जातो आणि वाकडा बसतो. वाळू पूर्ण ओली झाली पण वर पाणी साचलेलं नाही इथे थांबायचं. वरनं गोणपाट दोन-तीन पदरी करून भिजवून झाका. पहिल्या दिवशी लगेच हात लावून निकाल काढू नका, एवढी माती आणि वाळू गार व्हायला एक रात्र जाऊ द्या, मग दुसऱ्या दिवशी दुपारी आत थर्मामीटर ठेवून बघा.

रोजचं काम फार नाही. सकाळी आणि संध्याकाळी चारीत पाणी आणि गोणपाटावर पाणी, कडक उन्हाळ्यात दुपारी एकदा जास्तीचं. वाळूत बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत ओलं लागलं तर ठीक. बोअरचं पाणी जड असेल तर बाहेरनं पांढरा थर धरतो, तो क्षार, दर पंधरा-वीस दिवसांनी नारळाच्या शेंडीने आणि साध्या पाण्याने घासून काढा, फार घट्ट असेल तर लिंबू चोळा. साबण नको, तो मातीत मुरतो. आणि आरओ फिल्टरचं जे वाया जाणारं पाणी असतं ते इथे वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पाणी वाचवायची कळकळ चांगलीच आहे पण त्या पाण्यात क्षार अजून जास्त असतात, कुंडी लवकर बाद होते. ते फरशी पुसायला वापरा. त्याऐवजी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालू का असं विचाराल तर ते पण नको, वाळू आंबते आणि वास येतो.

डासांचं मात्र गंभीरपणे घ्या. कुंडीखाली झिरपलेलं पाणी थाळीत साचलं तर डेंग्यूचा डास अगदी अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. खाली थाळी ठेवूच नका, झिरपलेलं पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात जाईल अशी जागा करा. चारीत पण पाणी उभं राहता कामा नये, वाळूत जिरलं पाहिजे.

काय ठेवायचं? मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो, वांगी, मिरची, गाजर, काकडी, दोडका, गवार, लिंबं. पालेभाजी निवडून, पिवळी आणि सडकी पानं काढून, न धुता, कोरड्या सुती पंचात सैल गुंडाळून ठेवायची. धुऊन ठेवली तर दमट हवेत ती सडायला लागते, भेंडी तर चिकट होते. कोथिंबीर मुळासकट असेल तर मुळं तशीच ठेवा. एक सडका टोमॅटो बाकीच्यांना नेतो म्हणून दोन दिवसांनी सगळं एकदा हाताखालनं घाला. पिकलेली केळी आणि आंबे यात भाजीबरोबर नको, पिकताना त्यांच्यातनं जो वायू निघतो त्याने पालेभाजी पिवळी पडते. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको, त्यांना कोरडी हवा लागते, दमटपणात कोंब येतात आणि बुरशी धरते.

आता जे ठेवायचं नाही ते नीट वाचा. दूध, दही, पनीर, मटण, चिकन, मासे, उरलेलं वरण-भात यासाठी हे भांडं नाही. असल्या गोष्टींना खऱ्या फ्रिजचं, ५ डिग्रीच्या खालचं तापमान लागतं आणि इथे आपण फार तर २५ च्या आसपास आहोत. हाताला गार लागतं म्हणून फसू नका, या तापमानाला जंतू मजेत वाढतात. इन्सुलिनबद्दल पण लोक विचारतात. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ डिग्रीचा फ्रिजच लागतो. वापरात असलेली बाटली मात्र साधारण चार आठवडे २५-३० डिग्रीच्या खाली चालते, आपल्या बाटलीचं नक्की किती ते तिच्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाहेर ४३ डिग्री असताना फ्रिज नसलेल्या घरात अशा बाटलीसाठी माठाचा आधार नक्की होतो, पण पाणी लागणार नाही अशा बंद डबीत ठेवा, आत थर्मामीटर कायम ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

ज्यांना दोन कुंड्यांचाही खर्च किंवा जागा नाही, रूमवर राहणारी मुलं वगैरे, त्यांनी आजीची परातीची पद्धत करावी. परातीत दोन बोटं पाणी, मधे उलटी वाटी, त्यावर भाजीचं पातेलं, आणि वरनं ओलं सुती फडकं असं टाकायचं की त्याची चारही टोकं परातीतल्या पाण्यात बुडतील. फडकं पाणी वर ओढत राहतं आणि सुकत राहतं, वाऱ्याला ठेवलं तर दोन दिवस पालेभाजी छान राहते, मुंग्या पण लागत नाहीत. परातीतलं पाणी रोज बदला, कारण तेच, डास.

आणि शेतकऱ्यांसाठी याचंच मोठं रूप आहे, ते फार कमी लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकातच विटा आणि वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांचा १६५ बाय ११५ सेंटीमीटरचा ओटा, त्यावर साडेसदुसष्ट सेंटीमीटर उंचीची दुहेरी भिंत, दोन भिंतींत साडेसात सेंटीमीटर फट, फटीत वाळू, वर बांबू आणि गवताचं झाकण आणि सगळ्यावर सावलीला छप्पर. यात साधारण १०० किलो माल बसतो, बाहेरच्यापेक्षा १० ते १५ डिग्री कमी तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळते. विटा मातीत न बांधता नुसत्या रचल्या तरी चालतात, फक्त भाजलेल्या पण पाणी पिणाऱ्या विटा घ्याव्यात. संध्याकाळी तोडलेली भाजी सकाळच्या बाजाराला नेईपर्यंत वजन आणि तजेला दोन्ही टिकतं, आणि आठवडी बाजारात भाव पडला तर माल फेकून न देता एक-दोन दिवस थांबता येतं. ठिबकची एखादी नळी वाळूवरनं फिरवली की पाणी घालायची आठवण ठेवायची पण गरज नाही.

मृग लागला की हवा दमट होते आणि भांडं काम करेनासं होतं, तेव्हा ते तसंच ओलं सोडू नका, बुरशी धरते. वाळू काढून दोन दिवस उन्हात पसरा आणि पोत्यात भरा, दोन्ही कुंड्या घासून, खडखडीत वाळवून पालथ्या घाला. पावसात ऊन नाही मिळालं तर वाळू चुलीजवळ पसरली तरी होते. पुढच्या मार्चला वाळू परत एकदा धुऊन घ्यायची, एम-सील सुटलंय का बघायचं, आणि कुंडी रात्रभर भरून झिरपते का ते परत तपासायचं. झिरपणं कमी झालं असेल तर ती झाडाला द्या आणि बाहेरची तेवढी नवी आणा, आतला माठ सहसा बरीच वर्षं चालतो.